रेझ्युमे यंत्राच्या चाळणीतून पार कसा न्यावा: पहिल्यांदाच ऑनलाइन अर्ज करणाऱ्यांसाठी

अर्ज पाठवल्यावर पाच मिनिटांत नकाराचा मेल आला, तर रेझ्युमेला दोष देऊ नका. इतक्या वेळात तो बहुधा कुणी उघडलेलाही नसतो. फॉर्ममधल्या एखाद्या प्रश्नाचं तुमचं उत्तर कंपनीने आधीच घालून ठेवलेल्या अटीत बसलं नाही, एवढंच झालेलं असतं. तीन आठवडे काहीच कळलं नाही, तर दुखणं दुसरं असण्याची शक्यता जास्त. कंपनीच्या अर्ज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरने रेझ्युमे चुकीचा वाचला असेल, किंवा वाचला बरोबर पण रिक्रूटरने शोध घेतला तेव्हा तो यादीच्या तळाशी राहिला असेल.

अटीत अडकणं, चुकीचं वाचलं जाणं आणि शोधात न सापडणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. बहुतेक जण तिन्हींवर एकच औषध घेतात: आणखी देखणं टेम्प्लेट. त्याने पहिलं बरं होत नाही, तिसऱ्यावर काही परिणाम होत नाही आणि दुसरं हमखास बळावतं.

पलीकडे नेमकं काय चालतं

या सॉफ्टवेअरला एटीएस, म्हणजे ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम म्हणतात. वर्कडे, ग्रीनहाऊस, आयसिम्स, ओरॅकलचं टॅलिओ, एसएपीचं सक्सेसफॅक्टर्स, झोहो रिक्रूट ही त्यातली काही नावं. मुळात ही अर्जांची नोंदवही. कुणी अर्ज केला, तो कुठल्या टप्प्यावर आहे, कुणाला मेल गेला, हे त्यात नोंदलं जातं. तुमच्या दृष्टीने तिची कामं तीन.

पहिलं काम पार्सिंगचं; ते करणारा भाग म्हणजे पार्सर. फाइलमधला मजकूर उपसून तो खणांत भरायचा: नाव, फोन, कंपनी, पदनाम, कधीपासून कधीपर्यंत, शिक्षण, कौशल्यं. दुसरं काम चाळणीचं, म्हणजे फॉर्ममधल्या प्रश्नांची उत्तरं अटींशी ताडून पाहायची. तिसरं शोध आणि क्रमवारीचं: रिक्रूटर शब्द टाकून अर्ज शोधतो, आणि काही ठिकाणी सॉफ्टवेअर स्वतःच जाहिरातीशी रेझ्युमे जुळवून गुण देतं.

‘७५ टक्के रेझ्युमे यंत्रच फेकून देतं’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. त्यामागे भरवशाचा अभ्यास नाही, त्यामुळे त्याने घाबरून जाऊ नका. पण गाळणी हा प्रकार काही काल्पनिक नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची पाहणी करून २०२१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या ८८ टक्क्यांनी मान्य केलं, की जाहिरातीतल्या अटींत तंतोतंत बसत नाहीत म्हणून लायक आणि कुशल उमेदवारही गाळले जातात. अटी घालणारी माणसंच असतात. यंत्र त्या मुकाट्याने पाळतं.

हाताशी काय हवं

- जाहिरातीचा पूर्ण मजकूर, स्वतःच्या फाइलमध्ये उतरवून. अर्जाची मुदत संपली की ते पान गायब होतं, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री तेच हवं असतं.
- त्याच प्रकारच्या पदाच्या आणखी चार-पाच जाहिराती.
- वर्ड, लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्स, आणि नोटपॅडसारखा साधा एडिटर.
- प्रत्येक नोकरीत रुजू झाल्याची आणि ती सोडल्याची तारीख. आठवणीतून नको, पत्रांवरून.
- पदव्या, परवाने आणि प्रमाणपत्रांची छापील नावं, क्रमांक, मुदत.
- अर्जांची नोंद ठेवायला एक स्प्रेडशीट.

एक गोष्ट आधीच सांगतो. रेझ्युमे त्याच भाषेत लिहा ज्या भाषेत जाहिरात आहे. खाली शब्दांची उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. जाहिरात इंग्रजीत असेल तर तेच शब्द रोमन लिपीत, जाहिरातीतल्या स्पेलिंगसह लिहायचे.

१. रेझ्युमे आधी यंत्राच्या डोळ्यांनी बघा

नवा रेझ्युमे लिहायला बसण्याआधी आहे त्याची तपासणी करा. दोन मिनिटांचं काम आहे. पीडीएफ उघडा, कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे उमटेल, साधारण तेच पार्सरच्या हाती लागतं. कमांड लाइनची सवय असेल तर पॉपलर या मोफत संचातलं पीडीएफटूटेक्स्ट हे साधन हेच काम अधिक चोख करतं. मग एकेक लक्षण बघा.

काहीच निवडलं जात नाही? मग तुमची पीडीएफ म्हणजे मजकूर नसून चित्र आहे. छापील कागद स्कॅन केला, किंवा डिझाइनच्या ॲपमधून सगळं एकत्र चपटं करून काढलं, की असं होतं. काही सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं ओळखण्याचा प्रयत्न करतात, पण त्यांच्यावर भरोसा ठेवण्याचं कारण नाही.

ओळी एकमेकींत मिसळल्या? हा दोन रकान्यांच्या टेम्प्लेटचा प्रताप. डाव्या पट्टीत कौशल्यं, उजवीकडे अनुभव. डोळ्याला छान दिसतं. पार्सर मात्र पुष्कळदा डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातो आणि ‘एसक्यूएल वरिष्ठ विश्लेषक पायथन जून २०२१ पासून’ अशी एक ओळ तयार होते. त्यातून पदनाम कुठलं आणि कौशल्य कुठलं, हे त्याने कसं ओळखायचं? पीडीएफमध्ये मजकुराचे तुकडे कुठल्या क्रमाने साठवायचे हे ती बनवणारं ॲप ठरवतं, त्यामुळे पडद्यावर नीट दिसणारी फाइलही आतून विस्कटलेली असू शकते.

बुलेटच्या जागी ‘§’ किंवा डोक्यावर दोन टिंबं असलेलं रोमन यू आलं? ती चिन्हं विंगडिंग्ज फाँटमधली होती. तो फाँट साध्या अक्षरांनाच चौकोन, बाण आणि बरोबरच्या खुणांचा वेश चढवतो. फाँट गेला की मूळ अक्षर उघडं पडतं. साधा गोल ठिपका किंवा आडवी रेघ वापरा.

शीर्षकाची अक्षरं सुटी-सुटी पडली? टेम्प्लेटवाल्याने शब्द ऐसपैस दिसावा म्हणून प्रत्येक अक्षरानंतर स्पेस टाकली होती. पार्सरला तो ‘अनुभव’ हा शब्द वाटतच नाही, आणि मग त्याखालच्या चार नोकऱ्या भलत्याच विभागात जाऊन बसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायचंच असेल तर फाँटच्या सेटिंगमधून वाढवा, स्पेसबारने नको.

रोमन लिपीत एक सूक्ष्म सापळा आहे. काही फाँट एफ आणि आय ही दोन अक्षरं जोडून एकच चिन्ह छापतात. दिसायला सुरेख, पण कॉपी केल्यावर त्या जागी वेगळंच चिन्ह किंवा रिकामी जागा येते. ‘फायनान्स’, ‘सर्टिफाइड’, ‘ऑफिसर’ यांसारखे शब्द मग शोधात सापडत नाहीत. तपासायला सोपं: नोटपॅडमध्ये कंट्रोल-एफ दाबून यातला एखादा शब्द स्वतः टाइप करून शोधा. सापडला नाही तर फाँट बदला किंवा अशी जोडअक्षरं बंद करा. लेटेक या मजकूर जुळणीच्या साधनात रेझ्युमे करणाऱ्यांनी हे न चुकता बघावं.

देवनागरी मजकूर असेल तर तो युनिकोडमध्येच हवा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं नाव पार्सरला रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा ढिगारा म्हणून दिसतं.

वर्डची फाइल पाठवणार असाल तर आणखी एक तपासणी. वर्डची डॉक्स (.docx) फाइल ही प्रत्यक्षात एक झिप असते. मुख्य मजकूर एका तुकड्यात, हेडर-फूटर वेगळ्या तुकड्यांत. काही पार्सर मुख्य तुकडाच वाचतात. म्हणून नाव, फोन आणि ईमेल हेडरमध्ये कधीच ठेवू नका. वर्डमध्ये कंट्रोल-ए केल्यावरही हेडर निवडला जात नाही, तरंगत्या टेक्स्ट बॉक्समधला मजकूरही नाही. जे निवडलं गेलं नाही ते धोक्यात, असं धरून चाला.

२. मांडणी: जितकी कंटाळवाणी तितकी बरी

एकच रकाना. वरपासून खालपर्यंत हा क्रम: नाव, संपर्क, दोन-तीन ओळींचा सारांश, कौशल्यं, अनुभव, शिक्षण, प्रमाणपत्रं. नुकतंच शिक्षण संपलेल्यांनी शिक्षण आणि प्रकल्प अनुभवाच्या वर घ्यावेत. विभागांची नावं सगळे वापरतात तीच: ‘कामाचा अनुभव’, ‘शिक्षण’, ‘कौशल्यं’. ‘माझा प्रवास’ किंवा ‘मी काय घडवलं’ असली शीर्षकं माणसाला आवडतील न आवडतील, पार्सरच्या ओळखीच्या यादीत ती बहुधा नसतात.

एरियल, कॅलिब्रीसारखा नेहमीचा फाँट, मजकूर १० ते १२ पॉइंट, शीर्षकं १२ ते १४, समास साधारण २ ते २.५ सेंटीमीटर.

संपर्काच्या ओळीत फोनच्या आणि पाकिटाच्या चित्रांची गरज नाही. देशाच्या कोडसह पूर्ण क्रमांक, पूर्ण ईमेल पत्ता आणि लिंक्डइनचा पूर्ण पत्ता दिसेल असा लिहा. ‘ईमेल’ या शब्दामागे लिंक दडवली, तर पार्सरला बऱ्याचदा फक्त तो शब्द मिळतो. घराचा पूर्ण पत्ता नको, शहर पुरे. ते मात्र लिहाच, कारण रिक्रूटर ठिकाणावरूनही अर्ज गाळतात.

कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे, ८० टक्के भरलेल्या पट्ट्या, गोल तबकड्या हे सगळं काढून टाका. यंत्राला ते वाचता येत नाही, आणि एक्सेल ८० टक्के येणं म्हणजे काय हे माणसालाही सांगता येणार नाही. तक्त्यांबद्दल मतभेद आहेत. साधा तक्ता आजचे बरेच पार्सर नीट वाचतात. पण ज्यातून फायदा शून्य आणि धोका थोडा का होईना आहे, ती गोष्ट करायची कशाला?

एक पान की दोन, याचं यंत्राला सोयरसुतक नाही. माणसाला आहे. दहा वर्षांपेक्षा कमी अनुभव असेल तर दोन पानांच्या पुढे जाऊ नका. तुमच्याकडे आधीच देखणा, रंगीत रेझ्युमे असेल तर तो फेकू नका. मुलाखतीला छापून न्यायला किंवा ओळखीच्या माणसाला थेट पाठवायला उत्तम आहे. पोर्टलवर मात्र साधाच चढवा.

३. अनुभव: पार्सर सर्वांत जास्त इथे चुकतो

प्रत्येक नोकरीसाठी एकच साचा ठेवा आणि तो शेवटपर्यंत मोडू नका. पदनाम, कंपनी, शहर, तारखा, मग बुलेट. एका ठिकाणी कंपनी आधी आणि दुसरीकडे पदनाम आधी, असं झालं की कंपनीच्या खणात पदनाम जाऊन बसतं.

तारखांत महिना आणि वर्ष दोन्ही हवीत. नुसतं ‘२०२०–२०२१’ लिहिलं तर ती नोकरी डिसेंबर ते जानेवारी अशी दोन महिन्यांची असू शकते, किंवा पूर्ण २४ महिन्यांची. पार्सर यावरून एकूण अनुभव मोजतो आणि तुमच्या बाजूने मोजेलच असं नाही. ‘०३/२०२०’ किंवा ‘मार्च २०२०’, कुठलंही एकच रूप सगळीकडे. वर्ष चार अंकी. चालू नोकरीला ‘सध्या’ हा शब्द लिहा. शेवट कोरा सोडला तर ती नोकरी संपली की चालू आहे हे कळत नाही. ‘उन्हाळा २०२२’ असलं काही नको.

एकाच कंपनीत बढती मिळाली असेल तर प्रत्येक पदासाठी कंपनीचं नाव पुन्हा लिहा. वर एकदा कंपनी आणि खाली तीन पदं अशी उतरंड माणसाला स्पष्ट कळते; काही पार्सर मात्र पहिलं पद उचलतात आणि उरलेली दोन त्याच्या वर्णनात ढकलतात. तुमची आठ वर्षं तीन होतात, ती अशी.

कंपनीने दिलेलं पदनाम विचित्र असेल, समजा ‘ग्राहक आनंद दूत’, तर ते तसंच ठेवून तिरक्या रेघेपुढे सर्वांना कळणारं नाव द्या: ‘ग्राहक आनंद दूत / कस्टमर सपोर्ट एक्झिक्युटिव्ह’. हुद्दा मात्र वाढवू नका. पार्श्वभूमीची तपासणी पदनामापासूनच सुरू होते.

मध्ये खंड पडला असेल तर लपवण्याऐवजी त्याला नाव द्या. काही कंपन्या सहा महिन्यांहून मोठा खंड असलेले अर्ज बाजूला काढतात, हेही वर उल्लेख केलेल्या पाहणीत दिसून आलं. ‘कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम, एप्रिल २०२२ ते जानेवारी २०२३’ अशी एक नोंद, त्याखाली त्या काळात केलेला कोर्स किंवा सुटं काम. तारखांची साखळी जुळते आणि वाचणाऱ्याचा प्रश्नही आधीच सुटतो.

४. जाहिरात उकलून बघा

लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि लोक सर्वांत कमी वेळ देतात तोही यालाच.

पलीकडे रिक्रूटर काय टाइप करतो याची कल्पना करा. डेटा ॲनालिस्ट हवा असेल तर त्याचा शोध साधारण असा: ‘डेटा ॲनालिस्ट किंवा बिझनेस ॲनालिस्ट, आणि एसक्यूएल, आणि पॉवर बीआय किंवा टॅब्लो’. तुम्ही रेझ्युमेत ‘विविध डेटाबेस आणि व्हिज्युअलायझेशनची साधनं हाताळली’ असं लिहिलं असेल, तर तुम्हाला पॉवर बीआय कितीही येत असो, या शोधात तुम्ही नाही. नव्या पद्धतीची सॉफ्टवेअर अर्थाच्या जवळिकीवरून जुळवाजुळव करतात हे खरं, पण समोर कुठलं सॉफ्टवेअर आहे आणि ते कसं लावलेलं आहे हे बाहेरून कळत नाही. नेमका शब्द दोन्हीकडे चालतो.

आता जाहिरातीची छपाई घ्या आणि तीन रंगांनी खुणा करा. एका रंगाने सक्तीच्या गोष्टी: ‘आवश्यक’, ‘किमान’, ‘अनिवार्य’ या शब्दांच्या आसपासचं सगळं. दुसऱ्या रंगाने ‘असल्यास प्राधान्य’वाल्या गोष्टी. तिसऱ्या रंगाने साधनं, पद्धती, प्रमाणपत्रं, उद्योगाचं क्षेत्र यांची नामं. ‘उत्साही’, ‘मेहनती’, ‘सांघिक वृत्ती’ या विशेषणांना रंग लावायचा नाही. रिक्रूटर ‘मेहनती’ असा शोध घेत नाही.

हेच इतर चार-पाच जाहिरातींना करा. सगळीकडे येणारे शब्द हा तुमच्या मूळ रेझ्युमेचा पाया. फक्त या जाहिरातीत आलेले शब्द या अर्जापुरते बदलायचे. असं केलं की दर अर्जाला पूर्ण रेझ्युमे नव्याने लिहावा लागत नाही. सारांश, कौशल्यांची यादी आणि अलीकडच्या नोकरीतले दोन-तीन बुलेट बदलले की पुरतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

मग तीन रकान्यांचा तक्ता करा: जाहिरातीतला शब्द, त्याचा माझ्याकडे पुरावा काय, तो रेझ्युमेत कुठे आहे. मधला रकाना रिकामा राहिला तर तो शब्द रेझ्युमेत घालायचा नाही. तिसरा रिकामा राहिला तर ती तुमची चूक, आजच दुरुस्त होणारी. सक्तीच्या अटींपैकी निम्म्यांचा मधला रकाना रिकामा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ती जाहिरात सोडा आणि तो वेळ दुसरीला द्या. एखाद-दुसरी अट कमी पडत असेल तर मात्र जरूर अर्ज करा.

५. शब्द जागच्या जागी बसवा

प्रत्येक महत्त्वाचा शब्द दोन ठिकाणी यावा: एकदा कौशल्यांच्या यादीत आणि एकदा अनुभवाच्या बुलेटमध्ये. यादीमुळे तो सापडतो. बुलेटमुळे तो एखाद्या नोकरीच्या तारखांना बांधला जातो. काही पार्सर एखादं कौशल्य किती महिने वापरलं आणि शेवटचं कधी वापरलं हे त्या तारखांवरूनच काढतात. फक्त यादीत असलेल्या कौशल्याला मग वयच नसतं.

फरक कसा पडतो बघा.

आधी: ‘विक्री विभागाच्या अहवालांची जबाबदारी सांभाळली.’

नंतर: ‘विक्री विभागासाठी एसक्यूएल आणि पॉवर बीआय वापरून १२ डॅशबोर्ड तयार केले, महिनाअखेरच्या अहवालाला लागणारा वेळ ३ दिवसांवरून ४ तासांवर आला.’

दुसऱ्या वाक्यात साधनं यंत्रासाठी आहेत आणि आकडे माणसासाठी. आकडे तुमचे खरे हवेत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांवरच येतो.

लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही एकदा तरी लिहा: ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन – एसईओ’. शोधणारा कुठलं टाइप करेल हे तुमच्या हातात नाही. साधनाचं नाव ते बनवणारी कंपनी लिहिते तसंच, स्पेससकट. ‘एमएस ऑफिस’ एवढ्यावर थांबू नका. काम एक्सेलचं असेल तर ‘एक्सेल’ लिहा, आणि पिव्होट टेबल येत असेल तर तेही. कौशल्यांच्या यादीत १० ते १५ ठोस नावं पुरेत, स्वल्पविरामांनी वेगळी केलेली. चाळीस नावांची यादी यंत्र गिळेल, माणूस हसेल.

जाहिरातीतलं पदनाम तुमच्या सारांशाच्या पहिल्या ओळीत यावं, ते खरं ठरेल अशा बेताने. तुम्ही आजवर त्या पदावर काम केलेलं नसेल तर ‘डेटा ॲनालिस्ट पदासाठी इच्छुक, दोन वर्षांचा अहवाल लेखनाचा अनुभव’ हेही चालतं. शब्द सापडतो आणि खोटंही होत नाही.

६. फाइल

पोर्टल सांगेल तो प्रकार. काहीच सांगितलं नसेल तर डॉक्स किंवा वर दिलेल्या तपासणीत पास झालेली पीडीएफ, दोन्ही चालतात. पासवर्ड नको. आकार १ एमबीच्या आत. मजकुराच्या फाइलला त्याहून जास्त लागतच नाही. फाइलच्या नावात तुमचं नाव, आडनाव आणि पद. ‘रेझ्युमे फायनल नवा ३’ हे नाव रिक्रूटरच्या पडद्यावर जसंच्या तसं दिसतं.

दोन गोष्टी डोळ्यांआड राहतात. डॉक्स फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारी सोय, चालू असेल तर खोडलेला मजकूर आणि मित्राने केलेल्या टिपा फाइलमध्येच राहतात. सगळे बदल स्वीकारून आणि टिपा काढूनच जतन करा. पीडीएफच्या गुणधर्मांत शीर्षक आणि लेखक हे रकाने असतात. उसन्या टेम्प्लेटमध्ये तिथे भलत्याच माणसाचं नाव असू शकतं. ब्राउझरच्या टॅबवर बऱ्याचदा त्यातलं शीर्षकच झळकतं.

७. फॉर्म: तासाभराची मेहनत इथे पाच सेकंदांत वाया जाते

रेझ्युमे चढवल्यावर पोर्टल फॉर्म आपोआप भरतं. कंटाळून ‘पुढे’ दाबू नका. पार्सरने तुमच्याबद्दल काय समजून घेतलं हे उघडं दिसण्याची ही एकमेव संधी. कंपनी, पदनाम, तारखा, पदवी एकेक करून बघा आणि दुरुस्त करा, कारण बऱ्याच ठिकाणी शोध या खणांवर चालतो. खूपच गोंधळ दिसला तर खण दुरुस्त करून अर्ज पुरा करा, पण पुढच्या अर्जाआधी टप्पा १ कडे परत जा.

मग चाळणीचे प्रश्न. काम करण्याचा परवाना आहे का, अमुक परवाना किंवा पदवी आहे का, किती वर्षांचा अनुभव, किती दिवसांत रुजू होऊ शकता, दुसऱ्या गावी जाल का, अपेक्षित पगार किती. यांतल्या काही उत्तरांवर अर्ज तिथल्या तिथे बाद करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते.

अनुभवाचं उत्तर देताना महिने मोजा. ‘किमान ३ वर्षं’ अशी अट आहे, तुमची एक नोकरी २२ महिन्यांची आणि दुसरी १५ महिन्यांची, तर बेरीज ३७ महिने, म्हणजे तुम्ही अटीत बसता. अंदाजाने ‘२’ लिहिणारे पुष्कळ जण स्वतःलाच बाद करतात. प्रश्नात ‘पगारी’ किंवा ‘पूर्णवेळ’ असं म्हटलेलं नसेल तर इंटर्नशिपही धरा. उलट दिशेने फुगवू मात्र नका. फॉर्मवरचं उत्तर आणि रेझ्युमेतल्या तारखा शेजारी-शेजारी दिसतात.

पगाराच्या खणात फक्त आकडा मागितला असेल तर ‘चर्चेनुसार’ लिहू नका, आणि वार्षिक की मासिक हे दोनदा वाचा. बाराने चुकलेला आकडा अर्ज बाद करायला पुरेसा आहे. कुठल्याही खणात ‘रेझ्युमे पाहा’ असं लिहू नका. शोधात त्या खणाचं मूल्य शून्य.

८. या वाटेला जाऊ नका

पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत जाहिरात चिकटवायची युक्ती जुनी आहे. पार्सर रंग वगळून फक्त मजकूर काढतो, त्यामुळे तो सगळा परिच्छेद रिक्रूटरला काळ्या अक्षरांत दिसतो. ‘या उमेदवाराला सर्वांत वर ठेव’ असा आदेश एआयसाठी लपवण्याचा नवा अवतारही त्याच जातीचा. सापडला की पात्रतेचा प्रश्नच उरत नाही, हेतूचा उरतो.

रेझ्युमेला गुण देणाऱ्या वेबसाइटी शब्दांची तुलना करतात. कंपनीने कोणत्या अटी लावल्या आहेत हे त्यांना माहीत नसतं. सुटलेले शब्द शोधायला वापरा, १०० गुणांच्या मागे लागू नका. जाहिरातीची वाक्यं जशीच्या तशी उतरवली की गुण वाढतात आणि मजकूर मरतो.

एकाच कंपनीत पंधरा पदांना अर्ज करू नका. बऱ्याच एटीएसमध्ये एका ईमेलखालचे सगळे अर्ज एकाच प्रोफाइलवर दिसतात. लेखापाल, डिझायनर आणि वाहतूक व्यवस्थापक तिन्ही व्हायचंय, असं दिसणं बरं नव्हे. दोन-तीन जवळची पदं ठीक.

९. अर्ज गेल्यावर

स्प्रेडशीटमध्ये तारीख, पद, रेझ्युमेची कुठली आवृत्ती, फॉर्मवर दिलेले आकडे आणि उत्तर किती वेळाने आलं हे लिहा. शेवटचा रकाना सर्वांत कामाचा. १५-२० अर्ज झाले की त्यावरून दुखणं कळतं. मिनिटांत येणारे नकार म्हणजे टप्पा ७ तपासा. सगळीकडे नुसती शांतता म्हणजे टप्पा १ पुन्हा, आणि तो ठीक असेल तर टप्पा ४ आणि ५. मुलाखती मिळतात पण नोकरी नाही, तर रेझ्युमेला हात लावू नका. त्याने त्याचं काम केलं आहे.

कंपनीत ओळखीचं कुणी असेल तर अर्ज करण्याआधीच विचारा. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेल्या अर्जावर वेगळी खूण येते, पण तुम्ही स्वतः अर्ज केल्यानंतर ती लावता येत नाही असा नियम काही ठिकाणी असतो. ओळखीचं कुणी नसेल तर आठ-दहा दिवसांनी रिक्रूटरला एक छोटा निरोप: पद, अर्जाचा क्रमांक आणि सक्तीच्या दोन अटी तुम्ही कशा पूर्ण करता, एवढंच.

काही ठिकाणी कायदाही तुमच्या बाजूने आहे. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा स्वयंचलित निवड साधनांची पक्षपाताबद्दल तपासणी करून घेणं आणि उमेदवाराला तसं कळवणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात नोकरभरतीची साधनं ‘उच्च जोखमी’च्या गटात मोडतात. तिथल्याच जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार तुमच्याबद्दल साठवलेली माहिती मागता येते आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून घेता येते. तिथल्या कंपनीत अर्ज करत असाल तर जाहिरातीखालची गोपनीयतेची नोटीस वाचा. ही माहिती मागायची तर कुठे लिहायचं, तो संपर्क तिथे असतो.

आणि दोन वर्षांपूर्वी त्याच कंपनीत अर्ज केला असेल, तर आधी लॉग-इन करून जुनं प्रोफाइल उघडा. जुना फोन, जुनं पदनाम आणि तेव्हाचा रेझ्युमे अजून तिथेच असण्याची शक्यता आहे, आणि नवा अर्ज त्यालाच जोडला जातो.